सहा शहाळी

ग्ले पुतेह,
१४ ऑक्टोबर

कक सलावती,

सहा महिने झाले, हे पत्र मी टाळतोय. पहिल्यांदा सुरू केलं ते मेदानच्या वाटेवर, कांद्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. दुसऱ्यांदा साबांगच्या बोटीवर. तिथं शेजारच्या म्हाताऱ्यानं बुद्धिबळाचा पट मांडला आणि पत्र राहिलं. (हरलो. पण चौथ्या डावात त्याचा वजीर मारला होता.) तिसऱ्यांदा काय आडवं आलं ते आठवत नाही, म्हणजे काही आलं नसणार. खरं कारण एवढंच की पहिल्या ओळीत काय लिहायला हवं ते मला ठाऊक होतं आणि तेच लिहायचं नव्हतं. अजून नाही. म्हणून आधी बाकीचं सांगतो.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून टाकलायस. तक्रार नाही. रमजाननंतर चारच दिवसांनी, तुझ्या बाटल्या काळ्या पडत असताना, न सांगता पळून गेलेल्या भावाचा नंबर कोण चालू ठेवेल?

मी घरी आलोय. माकनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आईच ती, आणि म्हणाली, "पाय धू. भात झाकून ठेवलाय." जसा काही मी सकाळीच मासे आणायला गेलो होतो. भात वाढताना मग म्हणाली, "सला मेमध्येच गेली पेनांगला. तिथं कुणाच्या तरी ऑर्किडच्या बाटल्या धुते. पदवी घेऊन बाटल्या धुते." आणि आमटी जरा जोरात वाढली.

तुझ्या प्रयोगशाळेला बँकेचं कुलूप आहे. खिडकीतून पाहिलं. तू रोपं वाढवायला घेतलेल्या जामच्या चारशे बाटल्या फळ्यांवर तशाच, आणि आतली पाचेची, त्या अत्तराच्या झाडाची, पिल्लं काळी ठिक्कर. मला आत पाहवेना, म्हणून सगळ्या गावाचा काका असलेल्या आपा जुनेदच्या दुकानात कॉफी प्यायला गेलो. ती चूकच झाली.

"या, शास्त्रज्ञ," आपा जुनेद म्हणाला. "साखर नेहमीची घालू, का तुझ्या बहिणीच्या कृतीनं? त्या कृतीनं घातली तर गिऱ्हाईक काळं पडेल म्हणून विचारतो."

सगळे हसले. बँकेच्या दारातला फळा तुला माहीतच आहे. आपल्या बँकेत व्याज नाही, त्यामुळे बँक जशी कमावेल तसा ठेवीदाराला वाटा, आणि तो दर महिन्याला खडूनं लिहिलेला. लोक तो आकडा फुटबॉलच्या निकालासारखा वाचतात. तुझ्या बाटल्या गेल्यापासून तो उतरलाय, आणि आता कुणाचं जाळं फाटलं तरी 'सलावतीच्या बाटल्या' म्हणायची रीत पडलीय.

मीही हसलो, कक. सगळ्यांबरोबर मीही हसलो. म्हणून तिथून उठून सरळ बँकेत गेलो.

शाखेचे साहेब पाक मुर्तला मला ओळखतच नव्हते. नाव सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे तो पळालेला." मग बसवून घेतलं आणि सगळं समजावलं. बँकेनं पैसा घातला, तू विद्या आणि हात घातलेस. नफा झाला असता तर दोघांनी वाटून घेतला असता. तोटा झाला तर पैसा बँकेचा जातो, तुझी मेहनत तुझी जाते. "हे कर्ज नाही, भागीदारी आहे," ते म्हणाले. "पण एक कलम आहे. तोटा हलगर्जीपणानं झाला असेल तर सगळा तिच्यावर. आणि तिच्याकडे आहे काय? तुमच्या आईचा तो डोंगरावरचा पाचेचा उतार. तोच तारण म्हणून लिहिलाय."

जानेवारीत बँकेचे पंच बसणार आहेत. मुख्य कचेरीचं म्हणणं असं, की पोरीची कृतीच चूक होती, आणि शिकलेल्या माणसानं चुकीची कृती वापरणं म्हणजे हलगर्जीपणाच.

"कृती बरोबर होती," मी म्हणालो.

"तुला काय कळतं? आठवीत शाळा सोडलीस म्हणे."

"नववीत. कृती बरोबर होती."

त्यांनी खणातून किल्ली काढली. "ही शाखा मोटारसायकली विकत घेते आणि हप्त्यानं विकते. दिवसभर तेवढंच. खरी भागीदारी म्हणून मी आयुष्यात एकच केली, ती तुझ्या बहिणीशी. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. करून दाखव."

किल्ली माझ्या खिशात आहे. तुझी कृती पाठव.

बाटल्या भरल्या त्या दिवशी शहाळ्याच्या पाण्यात जराशी गडबड झाली होती. फार नाही. ते नंतर सांगतो.

हैकाल


३ नोव्हेंबर

कक सलावती,

तुझं उत्तर नाही. पण तुझी वही सापडली, माकच्या तांदळाच्या डब्यात, उंदीर लागू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. माकनंच ठेवली होती. मला म्हणाली, "मला वाचता येत नाही त्यातलं. पण सला त्यात लिहिताना खूश असायची."

मी सगळी वाचली. क्षार कुठले, किती, कुठल्या क्रमानं. साखर. अगर-अगरची पाकिटं, ज्यांची माक ईदला लाल-हिरवी जेली करते तीच. आणि शहाळ्याचं पाणी. त्यात पेशींना 'वाढा, फुटा' असं सांगणारं काहीतरी असतं, म्हणून कोवळ्या नारळाचंच हवं आणि त्याच दिवसाचं हवं, असं तू लिहिलंयस. खाली दोन रेघा मारून: 'आधी कागदानं आंबटपणा बघावा, मग चाखावं. चाखल्याशिवाय ओतू नये.' समासात तू माझं चित्र काढलंयस, डोक्यावर नारळ. नाक एवढं मोठं नाहीये माझं.

पाक मुर्तला म्हणाले, "दोन रांगा लाव. एक वहीप्रमाणे. दुसरी अगदी त्या दिवशी केलंस तशी. खोलीला मी कुलूप लावणार आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणार. म्हणजे पंचांना दिसेल." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या दिवशी वेगळं काय झालं होतं?"

"आठवून सांगतो," म्हणालो आणि इथं येऊन बसलो. त्यांच्याआधी तुला सांगायला हवं.

रमजानचा एकोणिसावा रोजा होता. तू मला बाजारातून सहा शहाळी आणायला पाठवलंस. रमजानात संध्याकाळच्या सरबतासाठी शहाळी कशी पळतात ते तुला माहीत आहे. तीन बाजार फिरलो, दुप्पट भावानं आणली. उन्हात दोन तास चालत. तू शेजारच्या खोलीत पाचेची पानं चिरत होतीस. मी पाणी काढायला बसलो, प्रेशर कुकर शिट्या मारत होता.

मी प्यालो, कक. एक प्यालो, म्हटलं पाचांत भागेल. मग दुसरं. कुकरच्या आवाजात घोट ऐकू जात नव्हते. पाच झाली तेव्हा सहावं ठेवून काय करायचं असं वाटलं. रोजा मोडला याचं दुःख सहाव्याच्या तळाशी आठवलं.

माकनं कालवणातल्या प्लिक-उसाठी खोबरं आंबवायला जून नारळ फोडले होते. त्यांचं दोन दिवसांचं पाणी मोरीजवळच्या मडक्यात होतं. तेच घेतलं. कागद बुडवला तर नारिंगी झाला. तू पलीकडून विचारलंस, "रंग काय आला?"

मी म्हणालो, "हिरवट पिवळा. अगदी वहीसारखा."

तू म्हणालीस, "चाखायला हवं होतं रे. पण रोजा आहे. तुझाही आहे." आणि हसलीस. मी 'हो ना' म्हणालो.

आंबट असल्यामुळे अगर गोठेना, तेव्हा मी गुपचूप आणखी दोन पाकिटं ओतली. तुला वाटलं, पाकिटं जुनी होती. नंतर तू रात्र रात्र पुस्तकं उलटीपालटी करायचीस, आपलं कुठं चुकलं म्हणून. मी दाराशी उभा राहून ते बघायचो. ईद झाली आणि पळालो.

तो नारिंगी कागद माझ्या पाकिटात आहे. सात महिने घेऊन हिंडलो. फेकता आला नाही.

आता जातो. दोन रांगा लावायच्या आहेत. दुसऱ्या रांगेसाठी माकला नारळ फोडायला सांगितलेत. ती म्हणाली, "प्लिक-उचा मोसम नाही हा." मी म्हणालो, "मला माहीत आहे."

हैकाल


१९ डिसेंबर

कक सलावती,

वहीची रांग: दोनशे चाळीस बाटल्या. त्यातल्या दोनशे बारा हिरव्या. नुसत्या हिरव्या नाहीत, दाट. एकेका तुकड्यातून सात-आठ कोंब, एकमेकांना ढकलत बाहेर येणारे, शाळा सुटल्यासारखे. बाकी अठ्ठावीसना बुरशी लागली, ती माझ्या हातांची कृपा.

त्या दिवसाची रांग: चाळीसच्या चाळीस काळ्या. आधी कडा तपकिरी झाल्या, मग तुकड्यांनी शाईसारखं काहीतरी सोडलं आणि भोवतालचं सगळं गढूळ झालं. हुबेहूब तुझ्या चारशे बाटल्यांसारखं.

कुलूप पाक मुर्तलांनी उघडलं. दोन्ही फळ्यांमध्ये उभं राहून त्यांनी वहीच्या रांगेतली एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली आणि स्वतःशीच म्हणाले, "पोरगी बरोबर होती." बँकेत ते कधी घाम पुसत नाहीत. इथं पुसला. घामच होता, असं त्यांचं म्हणणं.

मी उड्याच मारायचा बाकी होतो. मग ते म्हणाले, "आता सांग, चाळीसांत काय घातलंस?" मी म्हणालो, आधी माकशी बोलतो. नीट बघ, कक: तुझी कृती बरोबर ठरते ती मी खरं बोललो तरच. आणि खरं बोललो तर हलगर्जीपणा सिद्ध होतो. मग माकचा उतार जातो.

माकला सांगितलं. शहाळ्यांचंही. तिनं मला झाडूनं मारलं, दोनदा, मग झाडू ठेवून बसली. "पंचांसमोर गप्प बस," म्हणाली. "अगर जुना होता म्हण. कुणाला कळतंय?"

"मग सला चुकली असंच राहील."

माकनं उताराकडे पाहिलं. पाचेला नुकतं पाणी दिलेलं, सगळीकडे तो वास. "उतार माझा आहे," ती म्हणाली. "नाव तिचं आहे. बोल जाऊन."

काल पेनांगहून पाकीट आलं. आत आंबटपणा मोजायच्या कागदांची नवी कोरी डबी. चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. पण पत्ता तुझ्या हातचा होता. 'ह' ला तू अजून तशीच शेपटी काढतेस.

हैकाल


१२ जानेवारी

कक सलावती,

आधी निकाल, कारण मला धीर नाही: उतार माकचाच. करार चालू. तुझ्याच नावानं.

आता नीट सांगतो. पंच तीन होते. मधोमध शरियतचे जाणकार तेंग्कू हास्बी, ज्यांच्याकडे बघून पाऊससुद्धा विचार करून पडेल. उजवीकडे बु रोस्दियाना, बँकेच्या हिशेबतपासनीस. डावीकडे मुख्य कचेरीचे एक साहेब, त्यांचं नाव मला कुणी सांगितलं नाही, टाय होता. खिडकीबाहेर अर्धं गाव. आपा जुनेदनं दुकान बंद केलं होतं, कक, त्सुनामीच्या सरावालासुद्धा करत नाही.

मी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, एक हिरवी, एक काळी. मधे तो नारिंगी कागद. आणि सांगितलं. पहिल्या शहाळ्यापासून सहाव्यापर्यंत. बाहेर कुजबूज झाली ती तिसऱ्याला. रमजानात भरदुपारी चोरून पिणारा म्हणून मी आता गावाला कायमचा माहीत झालोय.

टायवाले साहेब खूश झाले. "म्हणजे हलगर्जीपणा कबूल आहे."

"याचा," तेंग्कू म्हणाले. "भागीदार तो नाही. ती आहे." मग मला, "बहिणीनं कागदाचा रंग विचारला होता?"

"विचारला. मी खोटा सांगितला."

"दुसरी खात्री काय होती?"

"चाखणं. वहीत दोन रेघा मारल्यात."

"मग तिनं का नाही चाखलं?"

"तिचा रोजा होता."

टायवाले पुढे सरकले. "तेंग्कू, जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायका करतात."

बु रोस्दियानांनी पेन खाली ठेवलं. "करता येतं," त्या म्हणाल्या. "करावंच लागतं असं नाही. मी सव्वीस वर्षं बँकांचे हिशेब तपासतेय. रोजा जरा जास्तच नीट पाळला म्हणून कुणाला हलगर्जी ठरवलेलं मी पाहिलं नाही. साहेबांनी पाहिलं असेल तर शाखेचं नाव सांगावं, मी लिहून घेते."

साहेबांना शाखा आठवली नाही.

तेंग्कूंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "राखणदारानं राखण केली. तिला फसवलं गेलं. तोटा पैशाच्या मालकाचा, म्हणजे बँकेचा." आणि माझ्याकडे वळले. "तू देवाचा एक रोजा देणं लागतोस. बहिणीची सहा शहाळी लागतोस. बँकेचं काय लागतोस ते मुर्तला सांगतील."

"रोपांत घेऊ," पाक मुर्तला म्हणाले. "वर्षभर राबेल. वाटा नाही. जेवण आईकडे."

खिडकीतून माक म्हणाली, "भात मी मोजूनच वाढीन."

देवाचा रोजा परवा फेडला. गुरुवार होता, ऊनही होतं, आणि वाटेत शहाळीवाल्यानं मुद्दाम हाक मारली. गावानं माझं नाव आता 'सहा शहाळी' ठेवलंय. लहान पोरंसुद्धा म्हणतात. आपा जुनेद कॉफी ठेवताना म्हणतो, "घ्या, सहा शहाळी. रोजा नाही ना आज? बघा, परत गोंधळ नको." पण काल त्यानं हळूच विचारलं, "सलावतीची ती रोपं, माझ्या मेव्हण्याला दोन हजार मिळतील का? त्याच्याकडे मर लागलीय, आणि कलमं लावली की रोग कलमांबरोबर जातो." मी म्हणालो, रांगेत उभा रहा. असं म्हणायला मला केवढं बरं वाटलं ते कागदावर मावत नाही.

सोबत कराराचा कागद आहे. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. तुला नको असेल तर तसंच पाठव. रागावणार नाही. मला तो हक्कच नाही.

हैकाल


५ मार्च

कक सलावती,

सही पोचली. चिठ्ठी नव्हती, पण आता मला तुझी बिनचिठ्ठीची पाकिटं वाचता येतात.

आज पाचवा रोजा. सकाळी फळ्यावर नवा आकडा लागला. शाखा उघडल्यापासून एवढा वरचा आकडा कधी लिहिला गेला नव्हता, असं पाक मुर्तला म्हणाले, आणि त्यांनी शिपायाला फळ्याशेजारी आपला फोटो काढायला लावला. फोटोत ते हसत नाहीयेत, पण पोट आत घेतलंय. मोटारसायकलींचा आकडा तेवढाच आहे. वर गेलाय तो पाचेमुळे. फेब्रुवारीत सहा हजार रोपं डोंगरापलीकडे गेली, एकालाही मर नाही. चाळीस हजारांची नोंदणी झालीय, त्यात टायवाल्या साहेबांच्या सासऱ्यांचीही आहे. त्यांना मी रांगेतच ठेवलंय.

आपा जुनेदनं आकडा दुकानात मोठ्यानं वाचला. रोज्यामुळे कॉफी नव्हती, नुसतेच बसले होते सगळे. मग म्हणाला, "सलावतीच्या बाटल्या." तेच शब्द, कक. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं मान डोलावली.

आज मोठा घाणा आहे, सहाशे बाटल्यांचा. शहाळी मीच आणली, तीन बाजार फिरून. पाणी काढलंय, भांडं समोर आहे, तुझा कागद बुडवला: हिरवट पिवळा. खरोखरचा. मी तो माकलाही दाखवला, शेजारणीलाही.

पण वहीत दोन रेघा आहेत. चाखल्याशिवाय ओतू नये. आणि अख्ख्या गावात दिवसा चाखणारं कुणी नाही. तेंग्कूंना विचारलं तर म्हणाले, जिभेचं टोक चालेल. पण माझ्या जिभेवर माझा विश्वास नाही. टोकापासून सुरुवात केली की ती सहाव्या शहाळ्यापर्यंत जाते, हे मला अनुभवानं माहीत आहे. माकला म्हटलं तू चाख, तर म्हणाली, "तुझ्या बाटल्यांसाठी मी माझा रोजा धोक्यात घालू?" त्यामुळे सूर्य मावळेपर्यंत थांबायचं ठरवलंय. अडीच तास आहेत. पाणी बर्फात ठेवलंय. तोवर वेळ जावा म्हणून तुला लिहितोय.

बांदा आचेची बस आत्ताच नाक्यावर थांबून गेली. कुणीतरी उतरलंय, कुत्री भुंकतायत. माक अंगणात काहीतरी बोलत होती, ती मधेच गप्प झाली. माक मधेच गप्प होत नाही. बाहेर कुणीतरी चपला काढतंय. माकला लागतो त्यापेक्षा कमी वेळात...

लिहीत राहतो, कारण हात थांबला तर काय करायचं ते मला सुचत नाहीये. तू दारात उभी आहेस. खांद्यावर पेनांगची पिशवी आहे. तू वाळली आहेस. माझ्याकडे अजून पाहिलेलं नाहीस, आधी फळ्यांकडे पाहतेयस, हिरव्या बाटल्यांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ओठ हलतायत, म्हणजे मोजतेयस.

आता भांड्याशी आलीस. डाव उचललास. मी म्हणालो, "कक, रोजा."

तू म्हणालीस, "मी प्रवासात आहे. प्रवाशाला रोजा माफ असतो. मला चालतं."

एक घोट घेतलास. जिभेवर फिरवलास, वहीत लिहिलंय तसा. डाव खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस.

"ओत," म्हणालीस.